शेवटचं पाहिलं

वाल्दिव्हियाच्या विद्यापीठात, तिसऱ्या मजल्यावर,
समाजशास्त्राच्या सहामाहीत माझं काम शेवटच्या पानांचं.
लेख इतर वाचतात.
मी संदर्भसूची वाचते, तळापासून वर,
आई मासा घेताना आधी कल्ला उघडून बघायची, तशी.

पुस्तकांचं बरं असतं.
लेखक, साल, गाव, प्रकाशक.
माणूस जाऊन चाळीस वर्षं झाली तरी
फळीवर उभं असतं, धूळ फुंकली की हजर.
इंटरनेटचे पत्ते मात्र एकेक ठोठावून बघावे लागतात.
काही उघडतात.
काही भलत्याच घरात नेतात:
जिथे गोदी कामगारांच्या मुलाखती होत्या
तिथे आता अर्ध्या किमतीत चपला.

प्राध्यापक बेलार्मिनो ओहेदा सगळं पडद्यावर वाचतात
आणि सूचीत छापील अंकाचं पान देतात, एकशे त्रेचाळीस.
तो अंक आमच्या ग्रंथालयात कधी आलेलाच नाही.
विचारलं, तर चष्मा पुसत म्हणाले,
"पडद्यावरचं म्हटलं की परीक्षकांच्या भुवया चढतात, बाई."
कागद सोवळा, पडदा ओवळा.
मी मान हलवली. पगार त्यांच्याच खात्यातून येतो.

मग रोसामेल कार्कामोचा लेख आला.
पोरगा तिशीचा, कोपरावर ठिगळ लावलेला स्वेटर.
विषय: एका बेटावरचा बंद पडलेला कारखाना,
जिथे शिंपल्यांचं मांस डबाबंद व्हायचं.
त्यातली सदतिसावी तळटीप:
ओर्तेन्सिया मान्सिया, "आमच्या पाळीतल्या बायका",
खाली लांबलचक पत्ता,
आणि शेवटचं पाहिलं: १९ मे, रात्री ११.४०.

आमच्या नियमावलीत तारीख पुरते. वेळ कुणी मागत नाही.

पत्ता दाबला. पान नाही.
जुन्या प्रती साठवतात तिथे शोधलं,
बाईचं नाव तेवढं सापडलं आणि एक रिकामी चौकट,
फोटो कधी न उतरलेली.
"दुवा लागत नाही," मी समासात लिहिलं
आणि रोसामेलला फोन केला.

म्हणाला, बाई जूनमध्ये गेल्या.
भाच्याने वर्षाचे पैसे भरले नाहीत.
त्या रात्री वाचताना चूल विझली तरी उठलो नव्हतो.
वहीत चारच ओळी उतरून घेतल्या, उरलेलं उद्या म्हणून.

चार ओळी अशा:
रात्रपाळीच्या बायका डबा बंद होण्याआधी
झाकणाच्या आतल्या बाजूला
खिळ्याने आपल्या नावाचं पहिलं अक्षर ओरखडायच्या.
मुकादमाला बारा वर्षं पत्ता लागला नाही.

संपादक एर्नाल्दो म्हणाले, पडताळता येत नाही, काढून टाका.
बरोबरच होतं त्यांचं. नियम मीच टंकला होता.
पण पाहिलं असं लिहिणारा माणूस
समोर बसून "पाहिलं" म्हणतो
तेव्हा सूचीत आणखी काय असतं?
त्या छापील पान एकशे त्रेचाळीसला तरी कुणी पाहिलंय?

दुपारभर मी ती टीप काढली, ठेवली, काढली.
बाहेर मासळीबाजारापाशी समुद्रसिंह ओरडत होते,
कुणीतरी डोकी फेकत असणार.
शेवटी ठेवली. वहीच्या पानाची प्रत मागवली,
समासातलं माझं वाक्य खोडलं.
दुवा लागतो कधीकधी उशिराने,
कुणाचा कुणाला, हे सूचीत लिहायची सोय नाही.

एर्नाल्दो छपाईच्या आदल्या दिवशी म्हणाले,
"ती वेळ तरी काढा, चूक वाटते."
मी म्हटलं, चूक नाही. राहू दे.

अडतिसावी टीप मात्र एका टिचकीत उघडली.
मंत्रालयाचं पान, शिक्कामोर्तब, झेंडा.
रोसामेलने लिहिलं होतं त्या कारखान्यात चारशे बारा बायका.
पान आता म्हणतं, नव्वद.